थ्री-नॉट-थ्रीच्या रिकाम्या पुंगळ्या: बर्डन की बॉक्सर, आणि पुन्हा भरण्याजोग्या कोणत्या?

ली-एन्फिल्ड, म्हणजे थ्री-नॉट-थ्री (.३०३) काडतूस झाडणारी जुनी ब्रिटिश लष्करी रायफल, चालवणाऱ्या प्रत्येकाकडे कधी ना कधी जुन्या पुंगळ्यांचा, म्हणजे काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्यांचा, एक डबा येतो. कोणा ज्येष्ठ नेमबाजाने सोडलेला छंद, एखाद्या क्लबाच्या कपाटातील अडगळ किंवा जुन्या लष्करी साठ्यातून झाडलेली (डागलेली) काडतुसे, अशा कुठल्यातरी वाटेने तो येतो आणि त्यात चाळीस-पन्नासच्या दशकातील पितळ आणि कालपरवाचे पितळ सरमिसळ झालेले असते. हा डबा समोर आला की पहिला प्रश्न विचारला जातो तो असा, की यातील बर्डन पद्धतीच्या पुंगळ्यांना बॉक्सर पद्धतीची टोपी (दारू पेटवणारी तळाची छोटी वाटी) बसेल असे काही करता येईल का. .३०३ च्या बाबतीत माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे आणि त्याची कारणे पुढे मोजमापांसह दिली आहेत. मात्र त्याहून महत्त्वाचा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही, तो म्हणजे हे पितळ अजून जिवंत, म्हणजे पुन्हा वापरण्याइतके धड, आहे का. हा लेख प्रामुख्याने त्या प्रश्नासाठी, म्हणजे पुंगळी ओळखणे, तपासणे, धुणे आणि तिची मान (गोळी धरणारे तोंडाजवळचे अरुंद टोक; तिच्याखालचा उतरता भाग तो खांदा) मऊ करणे यासाठी लिहिला आहे. दारूची मापे यात मुद्दाम दिलेली नाहीत, कारण ती त्या त्या दारूच्या उत्पादकाच्या चालू तक्त्यातूनच घ्यायची असतात.

कायद्याची बाब आधीच नमूद करतो. इथे कॅनडात स्वतःच्या वापरापुरती काडतुसे घरी भरण्यास कायद्याने मोकळीक आहे, म्हणून हे काम येथे उघडपणे चालते. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसे बनवण्यासाठी परवाना लागतो आणि ‘दारूगोळा’ या शब्दाची कायद्यातील व्याख्या इतकी रुंद आहे की काडतुसाचे सुटे भागही तीत येतात. त्यामुळे भारतातील वाचकांनी हा लेख माहितीसाठी वाचावा, घरी प्रयोग करण्यासाठी नव्हे.

दोन पद्धती, एकाच वर्षातील

काडतुसाच्या तळाशी बसणाऱ्या टोपीतील संवेदनशील मिश्रण चिरडले जावे यासाठी टोपीखाली एक टणक टोक लागते, त्याला ऐरण म्हणू. ही ऐरण कोठे असावी यावरून दोन पद्धती पडल्या. अमेरिकी यादवी युद्धात नेमबाजांच्या पलटणीचे नेतृत्व केलेल्या हायरम बर्डन यांनी ऐरण पुंगळीच्या तळातच घडवली आणि तिच्या दोन बाजूंना ठिणगी आत जाण्यासाठी दोन बारीक छिद्रे ठेवली. इंग्लंडमधील वूलिच येथील रॉयल लॅबोरेटरी या लष्करी दारूगोळा कारखान्याचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी ऐरण टोपीच्याच पोटात बसवली आणि पुंगळीला मधोमध एकच मोठे छिद्र ठेवले. दोन्ही पेटंटे १८६६ मधील. पुढे अमेरिकी माणसाची पद्धत युरोपच्या आणि ब्रिटनच्या लष्करांनी घेतली, तर इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली. घरी काडतुसे भरणाऱ्यांना बॉक्सर सोयीची वाटते, कारण मधल्या छिद्रातून एक दांडी घातली की वापरलेली टोपी बाहेर पडते. बर्डनच्या पुंगळीत तीच दांडी ऐरणीवर आपटते आणि वाकते किंवा मोडते.

ओळख पटवणे

कोणतेही हत्यार लावण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीच्या तोंडातून विजेरीचा झोत आत सोडावा. मधोमध एक छिद्र दिसले तर बॉक्सर, मध्याच्या दोन बाजूंना दोन बारीक छिद्रे दिसली तर बर्डन. ही तपासणी एक-एक पुंगळी हातात घेऊनच करावी, कारण एकाच डब्यात, कधी एकाच कारखान्याच्या मालातही, दोन्ही प्रकार सापडू शकतात.

तळावरील ठसा ही दुसरी खूण. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, भारतीय आणि पाकिस्तानी लष्करी .३०३ बहुतांशी बर्डन असते. ‘के’ आणि ‘एफ’ या अक्षरांमध्ये बाणाचे चिन्ह असलेला ठसा आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा आहे. १८६९ मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्याचा माल जगभर पोहोचला आणि इतक्या दूर थंडीच्या देशात एखाद्या डब्याच्या तळाशी खडकीचा ठसा निघाला की मन भरून येते. तरीही त्या पुंगळ्या मी भरत नाही, जपून ठेवतो. याउलट ग्रीसमधील ‘एचएक्सपी’ ठशाचा लष्करी माल बॉक्सर पद्धतीचा असून पुन्हा भरण्यासाठी उत्तम मानला जातो. कॅनडात दुसऱ्या महायुद्धकाळी बनलेल्या ‘डीआय’ ठशाच्या मालातही बॉक्सर पुंगळ्या मिळतात. ठसा पाहून अंदाज बांधावा, पण निर्णय विजेरीनेच घ्यावा.

एखाद्या पुंगळीतील टोपीवर सुईचा खड्डा नसेल, तर ती टोपी जिवंत आहे असेच समजावे. अशी पुंगळी पुढच्या कोणत्याही पायरीत घेऊ नये. ती वेगळी ठेवून क्लबातील जबाबदार व्यक्तीकडे द्यावी.

रूपांतर का करू नये

आता मोजमापे. लष्करी .३०३ ची बर्डन टोपी सुमारे ०.२५० इंच व्यासाची असते, तर मोठ्या रायफलीची बॉक्सर टोपी सुमारे ०.२१० इंच व्यासाची. दोहोंत ०.०४० इंचांचे, म्हणजे एका मिलिमीटरचे अंतर आहे. ज्या कामात एका इंचाच्या हजाराव्या भागाने टोपी सैल किंवा घट्ट ठरते, तिथे एक मिलिमीटर म्हणजे उघडे दारच. ते भरून काढायचे तर ऐरण कापून काढावी लागते, तळात वेगळी बांगडी बसवावी लागते आणि मधोमध नवे छिद्र पाडावे लागते. इतके करूनही जुनी दोन छिद्रे जागच्या जागी राहतात, त्यामुळे टोपीवर मागे येणारा दाब आणि टोपीतून पुढे जाणारी ज्वाळा या दोन्ही गोष्टी मूळ आराखड्याबाहेर जातात. .३०३ चा कमाल दाब अमेरिकी मानकानुसार सुमारे ४९,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. बांगडीच्या कडेने त्यातील थोडा वायू जरी निसटला, तरी तो बोल्टच्या (काडतुसाला मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) तोंडाला कापत नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने येतो.

लहान मापात परिस्थिती थोडी वेगळी दिसते. ४.५ मिलिमीटरची बर्डन टोपी ०.१७७ इंच भरते आणि लहान बॉक्सर टोपी सुमारे ०.१७५ इंच, म्हणून काही जण त्या पुंगळ्यांचे रूपांतर करतात. ५.५ मिलिमीटरच्या बर्डनमध्ये मोठ्या बॉक्सर टोपीशी फरक इंचाच्या सुमारे सात हजारांशांचा होतो आणि टोपी खुळखुळते. फरक कमी असला तरी तिन्ही छिद्रांचा दोष राहतोच, शिवाय ऐरण कापताना तळाची जाडी नेमकी किती उरली हे घरच्या साधनांनी खात्रीने मोजता येत नाही. बाजारात नवी बॉक्सर पुंगळी सहज मिळत असलेल्या कॅलिबरसाठी हा धोका पत्करण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही. जिथे पुंगळीच मिळत नाही अशा जुन्या कॅलिबरसाठीही अनुभवी मंडळी आधी दुसऱ्या बॉक्सर पितळातून नवी पुंगळी घडवण्याचा मार्ग पाहतात. मार्टिनी-हेन्रीचे .५७७/४५० हे त्याचे उत्तम उदाहरण, कारण ते आज २४ गेजच्या पितळी शॉटगन-पुंगळीतून घडवले जाते.

बर्डन पुंगळी ठेवायचीच असेल, संग्रहासाठी किंवा त्याच मापाच्या बर्डन टोप्या मिळत असल्यामुळे, तर वापरलेली टोपी पाण्याच्या दाबाने काढता येते. पुंगळी पाण्याने काठोकाठ भरावी, टोपीपुरते भोक असलेल्या ठोकळ्यावर उभी करावी, मानेत घट्ट बसणारी गोल दांडी तोंडात धरावी आणि तिच्यावर हातोडीचा एक ठाम ठोका द्यावा. पाणी दाबले जात नसल्याने ते दोन्ही छिद्रांतून टोपीवर जोर लावते आणि ती बाहेर पडते. पाणी चोहीकडे उडते, ते मळकट असते आणि त्यात शिसे असू शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालून हे काम घराबाहेर करावे. टोपी वापरलेलीच आहे याची खात्री इथे पुन्हा एकदा करावी.

न दिसणारा दोष: पारा

जुन्या ब्रिटिश टोप्यांच्या मिश्रणात पाऱ्याचे फल्मिनेट आणि पोटॅशियम क्लोरेट असे. या दोन पदार्थांचे दोष वेगवेगळे आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. क्लोरेट जळल्यावर मिठासारखा क्षार उरतो, तो हवेतील ओल शोषून घेतो आणि नळीला गंज चढवतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो, म्हणूनच जुने शिपाई नळीतून उकळते पाणी ओतत असत. पारा नळीला फारसा त्रास देत नाही, पण पितळात मुरतो आणि त्याला ठिसूळ करतो. पाऱ्याने ठिसूळ झालेली पुंगळी बाहेरून पूर्णपणे चांगली दिसते. धुऊन, घासून किंवा तापवून तो दोष निघत नाही. त्यामुळे ज्या लष्करी मालाच्या टोपीविषयी खात्री नाही आणि जो माल युद्धकाळातील किंवा त्याआधीचा आहे, तो एकदा झाडला गेला की पुन्हा भरू नये. रूपांतराच्या विरोधातील माझ्या मते हे सर्वांत वजनदार कारण आहे, कारण ज्या पुंगळ्यांवर लोक तासन्‌तास मेहनत घेतात, नेमक्या त्याच पुंगळ्या आतून संपलेल्या असण्याची शक्यता असते.

तळाजवळची खोबण

आता उरल्या बॉक्सर पुंगळ्या. .३०३ च्या पुंगळीला सर्वांत मोठा धोका तळापासून साधारण एक सेंटिमीटर वर असतो. ली-एन्फिल्डच्या बोल्टची पकड मागच्या बाजूला आहे आणि युद्धातील चिखल-धुळीत काडतूस अडकू नये म्हणून तिचे चेंबर, म्हणजे नळीतील काडतूस बसण्याची जागा, मुद्दाम सैल कापलेले आहे. काडतूस तळाच्या बाहेर आलेल्या कडेवर टेकते, खांदा मोकळा राहतो. गोळी सुटताना पुंगळीचा पुढचा भाग चेंबरच्या भिंतीला चिकटतो, तळ मागे सरकतो आणि मधले पितळ ताणले जाते. पुढच्या वेळी खांदा पुन्हा मागे दाबून पुंगळी मूळ मापाला आणली, तर तोच भाग पुन्हा ताणला जातो. काही फेऱ्यांनंतर तिथे आतून खोबण पडते आणि एक दिवस पुंगळीचे दोन तुकडे होऊन पुढचा नळा चेंबरमध्येच अडकून राहतो.

ही खोबण शोधण्याचे साधन कागदाच्या टाचणीच्या तारेतून बनते. तार सरळ करून टोकाचे तीन मिलिमीटर काटकोनात वाकवावेत आणि ते टोक कानशीने अणकुचीदार करावे. तार पुंगळीच्या तळापर्यंत नेऊन टोक आतल्या भिंतीला हलकेच टेकवत सावकाश वर ओढावे. चांगल्या पुंगळीत तळाच्या जाड भागाकडून पातळ भिंतीकडे जाणारा एक सलग उतार जाणवतो. खराब पुंगळीत टोक एका खाचेत उतरते, अडखळते आणि पुन्हा वर चढते. उतार आणि खाच यांतील फरक शब्दांनी पुरता सांगता येत नाही, म्हणून एक नवी किंवा एकदाच झाडलेली पुंगळी आणि एक टाकाऊ पुंगळी करवतीने उभी कापून समोर ठेवावी. दोन्हींच्या भिंती डोळ्यांनी पाहिल्यावर बोटांना काय शोधायचे ते कळते. बाहेरून त्याच जागी चकाकती फिकट रेघ दिसत असेल, तर तीही धोक्याची खूण आहे. शंका आली तरी पुंगळी बाद करावी, खात्री होण्याची वाट पाहू नये.

हा ताण कमी करण्याचा उपायही सांगून ठेवतो. एका रायफलीत झाडलेली पुंगळी त्याच रायफलीसाठी राखावी आणि भरताना फक्त मान दाबून मापात आणावी, खांदा मागे ढकलू नये. नवी पुंगळी पहिल्यांदा झाडताना कडेच्या पुढे एक बारीक रबरी कडे घालण्याची पद्धत आहे. ते काडतुसाला बोल्टच्या तोंडाशी दाबून धरते, त्यामुळे पहिल्याच फेरीतील मोठा ताण टळतो.

मानेच्या चिरा आणि पावसाळ्याचा धडा

मानेवर आणि खांद्यावर उभ्या चिरा पडतात. भिंगाखाली पाहून नख आडवे फिरवावे. ओरखड्यावरून नख सरकते, चिरेत अडकते. माठ विकत घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकतात, तीच युक्ती इथे उपयोगी पडते. चार-पाच पुंगळ्या तळहातावर खुळखुळवल्या की चांगल्या पितळाचा स्वर खणखणीत येतो आणि चिरलेली पुंगळी बद बोलते.

या चिरांचा इतिहास थेट आपल्या हवामानाशी जोडलेला आहे. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातील फौजेत पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली काडतुसे न झाडताच तडकत असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतील दमटपणा आणि पितळ ओढून पुंगळी घडवताना तिच्यात दडून राहिलेला ताण, या तिघांच्या संगतीने पितळ चिरते हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये उलगडून दाखवले. इंग्रजीत या दोषाला मिळालेल्या ‘सीझन क्रॅकिंग’ या नावात तो ‘ऋतू’ आजही टिकून आहे. यातून घ्यायची व्यवहारातील गोष्ट अशी, की भांड्यांना लावायचे अमोनियायुक्त पॉलिश पुंगळीला कधीही लावू नये आणि पुंगळ्या गोठा, खत किंवा अमोनियायुक्त सफाईद्रवांच्या कपाटाजवळ ठेवू नयेत.

धुणे आणि मोजणे

टोपी काढल्यानंतर पुंगळ्या गरम पाण्यात भांडी धुण्याच्या द्रवाचे काही थेंब आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घालून दहा मिनिटे ठेवाव्यात, मग स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळून काढाव्यात. अधिक वेळ किंवा अधिक आम्ल वापरल्यास पितळातील जस्त विरघळू लागते आणि पृष्ठभाग तांबूस-गुलाबी दिसतो, अशी पुंगळी भरवशाची राहत नाही. वाळवण्यासाठी ऊन किंवा वारा पुरेसा आहे. ओव्हनमध्ये जास्त तापमानाला ठेवल्यास तळ मऊ पडण्याचा धोका असतो. टोप्यांच्या राखेत शिसे असते, म्हणून या कामाची भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

मोजणीसाठी व्हर्नियर कॅलिपर लागतो. पुंगळीची कमाल लांबी २.२२२ इंच, म्हणजे ५६.४४ मिलिमीटर. तिच्यापेक्षा लांब झालेली पुंगळी २.२१२ इंचांपर्यंत कापून आतली-बाहेरची कड हलकेच साफ करावी. लांब पुंगळीची मान चेंबरच्या पुढच्या कडेत दाबली जाते, गोळी सहज सुटत नाही आणि दाब वाढतो. टोपीची जागाही तपासावी. नवी टोपी बसवताना हाताला प्रतिकार जाणवलाच नाही, तर तळ पसरलेला आहे आणि ती पुंगळी संपली.

मान मऊ करणे

काडतुसाचे पितळ सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त यांचे असते. ते प्रत्येक वेळी दाबले-ताणले गेले की कडक होते आणि शेवटी चिरते. तापवले की पुन्हा मऊ होते. सगळे कौशल्य यात आहे की मान आणि खांदा मऊ व्हावेत आणि तळ मात्र कडकच राहावा, कारण संपूर्ण दाब तळाला झेलायचा असतो. मऊ तळाची पुंगळी हा या छंदातील सर्वांत भयंकर दोष आहे आणि तो दुरुस्त होत नाही.

पसरट ताटात पुंगळीच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी घ्यावे आणि पुंगळ्या त्यात सुट्यासुट्या उभ्या कराव्यात. टोप्या आधीच काढलेल्या असाव्यात. गॅस टॉर्चची निळी ज्योत मान आणि खांदा यांच्या सांध्यावर धरून पुंगळी फिरवत राहावी. ठरावीक तापमानाला वितळणारा दर्शक रंग बाजारात मिळतो. त्यातील सुमारे ४०० अंश सेल्सिअसचा रंग मानेच्या आत आणि सुमारे २४० अंशांचा रंग खांद्याच्या खाली अर्धा इंच असा लावावा. आतला रंग वितळताच ज्योत बाजूला घ्यावी आणि पुंगळी पाण्यात आडवी पाडावी. खालचा रंग वितळला असेल, तर उष्णता फार खाली उतरली आहे आणि ती पुंगळी बाद समजावी. मान लालभडक होईपर्यंत तापवण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो मानू नये. तेवढ्या उष्णतेने पितळाचे कण मोठे होतात आणि मान गोळीला धरूच शकत नाही.

पोलाद पाण्यात बुडवले की कडक होते, तसे पितळाचे होत नाही. ते हळू निवो वा पटकन, तितकेच मऊ राहते. पाणी वापरायचे ते केवळ उष्णता तळाकडे जाऊ नये म्हणून. एका बैठकीत पहिल्या पाच पुंगळ्यांवर दर्शक रंग लावून किती सेकंद लागतात ते मोजावे आणि उरलेल्या त्याच वेळेने, त्याच अंतराने कराव्यात. ज्योत, खोली किंवा पुंगळीचा कारखाना बदलला की मोजणी पुन्हा करावी. दर तीन-चार भरण्यांनंतर एकदा हे काम केले तर माझ्या अनुभवात मानेच्या चिरा जवळपास थांबतात.

नोंद आणि बाद माल

एका ठशाच्या, एका रायफलीच्या आणि सारख्याच वेळा झाडलेल्या पुंगळ्या एका डब्यात ठेवाव्यात आणि डब्यावर तारखेसह झाडल्याची संख्या, कापल्याची व मऊ केल्याची नोंद लिहावी. डब्यातील एका पुंगळीत तळाजवळची खोबण निघाली, तर त्या डब्यातील उरलेल्या सर्व पुंगळ्या तारेने पुन्हा तपासाव्यात, कारण त्या सगळ्यांनी तेवढाच ताण सोसलेला असतो.

बाद ठरलेली पुंगळी तशीच भंगारात टाकू नये. तिच्यात जिवंत टोपी नाही हे पाहून तिचे तोंड पकडीने चेपून सपाट करावे, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या डब्यात चांगली म्हणून शिरणार नाही. बर्डनच्या लष्करी पुंगळ्यांनाही मी हेच करतो, फक्त खडकीच्या ठशाच्या काही पुंगळ्या एका वेगळ्या पेटीत ठेवल्या आहेत आणि त्या पेटीवर ‘भरू नये’ असे ठळक लिहिले आहे.